नव्या चुलीला गंज

भोसरी,
गौरी-विसर्जनानंतरचा रविवार

सौ. वहिनींस,

तुमचं पत्र मिळालं, दादानं मोबाइलवर पाठवलेले फोटोही नीट मोठे करून पाहिले. मे महिन्यात बसवलेली पत्र्याची चूल, नागपंचमीच्या आत तिच्या पाठीवर लाल डाग, राखेच्या खणात पोपडे आणि धुराड्याच्या सांध्यातून ओघळणारं काळं पाणी. ‘ही भंगारात घालते आणि पुन्हा मातीचीच चूल घालते’ असं तुम्ही रागानं लिहिलंय. राग रास्त आहे. पण चूल भंगारात घालू नका. फोटोत दिसतोय तो वरवरचा गंज आहे, पत्रा अजून शाबूत आहे. आणि धुराड्याच्या चुलीमुळे तुमचा खोकला कमी झाला, हेही तुम्हीच लिहिलंय. लाकूड-गोवऱ्यांच्या धुरानं आणि अशाच घरातल्या इंधनांनी 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या धुरात तुम्ही परत बसावं, हे मला पटणार नाही.

माझा जन्म पेंटशॉपमध्ये गेला, तेव्हा गंजाबद्दल चार गोष्टी अधिकारानं सांगतो. गंज धरायला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. पाणी म्हणजे पाऊसच हवा असंही नाही. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा थर बसतो, तेवढा पुरतो. तुमचं घर वाडा गावाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगराकडे. चाकणला पाऊस झिमझिमतो तेव्हा तुमच्याकडे पागोळ्या थांबत नाहीत. आषाढ-श्रावणात तिथली हवा साठ टक्क्यांच्या खाली येतेच कुठे?

पण नुसत्या हवेनं राखेच्या खणाची अशी दशा झाली नसती. तिथलं कारण राख. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, थोडं क्लोराइडही असतं. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्र्याला चिकटून बसतात. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की राख उबदार राहावी म्हणून तुम्ही ती खणातच ठेवता, सकाळी तिच्यातूनच विस्तव काढता. मातीच्या चुलीला ते चालतं, पत्र्याला चालत नाही. पावसाळ्यात राख रोज काढा, झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा. भांड्यांना, धान्यात घालायला ती तुम्हाला लागतेच. चूल थंड असेल तेव्हा दार किलकिलं ठेवा, म्हणजे आत हवा खेळेल. आणि गावाला जायचं असेल तर निघण्याआधी खण झाडून घ्या.

काळ्या पाण्याचं कारण वेगळं, ते सरपणात आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. वर्षभर सावलीत, आडोशाला सुकलं तर ते वीस टक्क्यांच्या खाली येतं. ओलं लाकूड पेटवलं की जाळ वाफ काढण्यातच खर्ची पडतो, धूर गार राहतो आणि धुराड्याच्या वरच्या थंड भागात त्याचं पाणी होतं. त्या पाण्यात डांबर असतं आणि व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्लही असतं. म्हणजे तुमचं धुराडं आतून रोज आम्लानं धुतलं जातंय. फोटोत आणखी एक गोष्ट दिसली: पाइपाची वरची नळी खालच्या नळीच्या बाहेरून बसवलीय. उलटं हवं. वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीच्या आत जायला हवं, म्हणजे ओघळ आतल्या आत चुलीत उतरतो आणि जळून जातो. धुराड्यावर टोपी नाही, हेही दादाला सांगा. सरळ पाऊस आत पडतोय.

आता जळणाचा विषय, आणि तो मला जास्त छळतो. दादा चाकणच्या कंपन्यांतून पॅलेटची फळकुटं आणतो ना? स्वस्त पडतात, कोरडीही असतात. आपल्या पट्ट्यात कितीतरी वस्त्या त्यावर पाणी तापवतात. साध्या पाइनची फळी असेल तर हरकत नाही, खिळे तेवढे काढा. पण फळीवरचा शिक्का बघा. निर्यातीच्या लाकडावर प्रक्रियेची खूण असते: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायू देऊन. एमबीची फळी चुलीत घालायची नाही. प्लायवूडचे तुकडे, सनमायका लावलेली फळी, कडेला पीव्हीसीची पट्टी असलेलं मोडकं फर्निचर, हे तर अजिबात नाही. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते. ती तुमच्या छातीत जाते आणि पत्राही खाते. फोटोतल्या एका कोपऱ्यात गंजाचे डाग ठिपक्या-ठिपक्यांचे, खोल दिसतात. क्लोरीनचा गंज असाच ठिपके धरून आत जातो, म्हणून मला शंका आहे.

शेजारणीनं फरशीचं ॲसिड लावायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिता. ते मुळीच करू नका. ॲसिड गंज काढतं हे खरं, पण त्यातलं क्लोराइड सांध्यांत, वेल्डिंगच्या फटींत मागे राहतं आणि दुसऱ्या सकाळी चूल नारिंगी दिसते. आमच्याकडे पत्रा सात टाक्यांतून जायचा. आधी तेल काढायचं, धुवायचं, मग गंज काढायचा, पुन्हा धुवायचं, मग फॉस्फेटिंग, पुन्हा धुणं, शेवटी पॅसिव्हेशन. गंज काढल्यावर पत्रा उघडा ठेवायची कुणाची छाती नव्हती. फॉस्फेटची राखाडी कांती चढली की मगच तो ओव्हनमध्ये सुकून पावडर कोटिंगला जायचा. बोट लावलं तरी सुपरवायझर ओरडायचा, कारण बोटाच्या घामातल्या मिठानं कोटिंगच्या खाली गंज धरतो.

वहिनी, या पट्ट्यात लोखंडाला गंजापासून वाचवायची जेवढी विद्या आहे, तेवढी देशात फार थोड्या ठिकाणी असेल. चाकणला गाडीचा दरवाजा जस्ताचा थर, फॉस्फेट, ईडी कोट, प्रायमर आणि वर रंग एवढं लेवून बाहेर पडतो. मोटारीच्या सायलेन्सरला 409 नंबरचं स्टेनलेस वापरतात. त्यात सुमारे अकरा टक्के क्रोमियम असतं. धग, वाफ, आम्ल या तिन्ही गोष्टी तुमच्या चुलीसारख्याच सायलेन्सरलाही सोसाव्या लागतात, म्हणून. आणि त्याच रस्त्याच्या कडेच्या शेडमध्ये चूल बनते ती 22 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.7 मिलिमीटर पत्र्याची, वरून साध्या काळ्या रंगाचा एक हात. गाडीचा गिऱ्हाईक वॉरंटी मागतो. चुलीची गिऱ्हाईक बाई असते, खेड्यातली असते, आणि तिला कुणी विचारत नाही. 1983 साली सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पुढे देशभर कोट्यवधी चुली बसल्या. बसवलेल्या चुली मोजल्या गेल्या. वर्षानं कोणती फुटली, कोणत्या बाईनं तिच्याशेजारी पुन्हा तीन दगड मांडले, हे मोजायला फार थोड्या ठिकाणी कुणी गेलं. ही बेफिकिरी मला अजून खटकते.

असो. आता कामाचं.

आभाळ उघडलं, चार दिवस ऊन पडलं की सुरुवात करा. चूल पूर्ण थंड हवी. राख, काजळी काढा. धुराड्याचा पाइप उतरवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून आणि टोकानं टोचून बघा. आवाज बद्द आला किंवा टोक रुतलं तर तो तुकडा बदला, कारण भोक पडलेल्या पाइपातून धूर आणि विषारी वायू घरात येतो. नवा पाइप घेताना चुलीला लागून असलेला पहिला तुकडा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, घेऊ नका. जस्त 419 अंशाला वितळतं, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की ताप येतो, हे प्रत्येक वेल्डरला ठाऊक आहे.

मग तारेच्या ब्रशनं सैल गंज पाडा, नाकाला फडकं बांधून. त्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120 चा. लोखंड चकचकीत करायची गरज नाही, हाताला खपली लागू नये एवढंच. पाण्यानं धुवू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, मग थिनरच्या फडक्यानं, आसपास विस्तव नसताना. बाहेरच्या बाजूला उष्णतारोधक रंगाचे दोन पातळ हात द्या. डब्यावर 600 अंश लिहिलेलं बघून घ्या. रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट इथे जळून पापुद्रे सुटतात. हा रंग उन्हानं पक्का होत नाही, धगीनं होतो. म्हणून पहिला जाळ काटक्यांचा, दुसरा थोडा मोठा, मग नेहमीचा. वास येईल, दारं उघडी ठेवा. मे महिन्यात तुमची चूल आणल्याच्या दिवशीच पुरणाला लागली होती, रंग कच्चा राहिला असणार.

जाळाच्या पेटीत आतून रंग लावू नका, तिथे तो टिकत नाही. वरच्या ताटलीला आणि कड्यांना जवसाचं तेल अगदी पुसट लावून धुरावेपर्यंत तापवा, बिडाच्या तव्याला करतो तसंच. दर महिन्याला एकदा केलं तरी पुरे.

रंगाचा डबा, ब्रश आणि धुराड्याची टोपी मी दसऱ्याला घेऊन येतो, पाइप दादा आणि मी मिळून बसवू. मात्र तुमच्या बचत गटातल्या बायका अशाच चुली घेणार आहेत म्हणता, त्यांना आत्ताच सांगा: पैसे देण्याआधी पत्रा किती गेजचा आहे, जाळाच्या पेटीला जाड पत्रा आहे का, राखेचा खण सुटा निघतो का आणि गंजला तर तुकडा बदलून मिळेल का, एवढं विचारा, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या.

तुमचा दीर