श्वास मोजायचा राहिला

नंदगडात मी आयुष्यभर दवाखाना चालवला. खानापूर तालुक्यातल्या या बाजाराच्या गावी पावसाळ्यात भिंतींना ओल येते, घराघरांत चुलीचा धूर कोंडतो आणि दवाखान्याच्या बाकावर खोकणाऱ्या मुलांची रांग लागते. लहान मुलाची छाती तपासणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे इथे ज्या चुका सांगतो आहे त्या अज्ञानातून झाल्या, असं मला म्हणता येणार नाही. मला श्वास तपासता येत होता. तरी काही मुलांचा मी तपासला नाही, कारण ती स्वमग्न होती आणि त्यांच्या प्रत्येक वेगळ्या गोष्टीचं कारण मी स्वमग्नतेतच शोधत होतो.

पहिला मुलगा चार वर्षांचा होता, जवळच्याच खेड्यातला. तो बोलत नव्हता. बेळगावला दाखवल्यावर ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं होतं. त्याला श्वास धरून ठेवायची सवय होती. गाल फुगवायचा, चेहरा लाल होईपर्यंत थांबायचा आणि मग सगळी हवा एकदम सोडायचा. आई घाबरून आली तेव्हा मी तिला समजावलं होतं की काही स्वमग्न मुलं असं करतात, श्वास रोखल्यावर छातीत आणि डोक्यात जो दाब जाणवतो तो त्यांना बरा वाटतो, कधी मन घाबरलं तरी करतात. हे सांगणं चुकीचं नव्हतं. पण त्या दिवसापासून त्या मुलाच्या श्वासाबद्दलचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

श्रावणातल्या झडीत ती माउली त्याला पुन्हा घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, पोरगं दम टाकायलंय. नेहमीचं न्हवं हे." मी स्टेथोस्कोप पुढे केला तसा तो किंचाळला, माझा हात झटकला, टेबलाखाली शिरला. बाहेर रांग होती. रडणाऱ्या मुलाचा श्वास वाढलेलाच असतो, त्यात याची सवय आपल्याला माहीत आहे, असं तिला सांगून मी तापाचं औषध लिहून दिलं.

तिचं वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं. चार वर्षं रात्रंदिवस त्या मुलाचा श्वास पाहणारी एकमेव व्यक्ती मला सांगत होती की हा श्वास वेगळा आहे. मी माझंच जुनं कारण तिला पुन्हा सांगितलं आणि घरी पाठवलं.

एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त चालत असेल तर तो जलद समजावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. पूर्ण एक मिनिट मोजायचं, आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का ते पाहायचं. खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेविकांनाही हे शिकवलं जातं. त्यासाठी स्टेथोस्कोप लागत नाही, मुलाला हात लावावा लागत नाही. आईच्या मांडीवर शर्ट वर करून तो थोडा शांत झाला असता आणि मी समोरच्या खुर्चीवरून घड्याळ लावून बघत बसलो असतो, तरी पुरलं असतं. झोपेपर्यंत बाकावर थांबवून घेतलं असतं तर आणखी सोपं झालं असतं.

दोन दिवसांनी त्याला बेळगावला न्यावं लागलं. न्यूमोनिया होता. मुलगा वाचला. पण तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क तो ओरबाडून काढायचा, म्हणून त्याचे हात बांधावे लागले. घरची दुभती म्हैस विकावी लागली. आजारापूर्वी तो स्वतःच्या हाताने भात खायला लागला होता, ते बंद झालं, आणि पुढे कितीतरी दिवस तो कोणालाही चेहऱ्याजवळ हात आणू देईना. ती आई माझ्याकडे परत आली नाही. धाकटीला ती खानापूरला दाखवू लागली. तिचा तो निर्णय योग्य होता.

त्या मुलाबद्दल तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती. चुलीचा धूर नाकातोंडात जात असला तरी तो तिथून उठत नाही. मी त्याला हट्ट समजलो. 2015 साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 18 स्वमग्न आणि 18 इतर मुलांना आळीपाळीने सुवास आणि दुर्गंध दिले. इतर मुलांनी दुर्गंध येताच श्वास आखडता घेतला. स्वमग्न मुलांनी दोन्ही वास सारखेच ओढले. 36 मुलांच्या अभ्यासावरून सगळ्यांसाठी नियम करू नये. पण तो वाचल्यावर मला कळलं की घाण वासापासून वा धुरापासून श्वास आपोआप मागे घेण्याची क्रिया सगळ्यांच्या अंगात सारखी असेलच असं मी धरून चाललो होतो. शरीराच्या आतून येणाऱ्या सूचना, म्हणजे धाप, भूक, दुखणं, यांचीही अनेक स्वमग्न माणसांना नीट जाणीव होत नाही किंवा ती सांगता येत नाही. "मला दम लागतोय" हे वाक्य अशा मुलाकडून येणार नाही. त्याची वाट पाहणाऱ्या डॉक्टरला उशीर होणारच.

दुसरी चूक जास्त काळ चालली. एक मुलगी वर्षभराची होईपर्यंत नीट वाढली, दोन-चार शब्द बोलू लागली आणि मग शब्द गेले. हातात धरलेली वस्तू सुटू लागली. जागी असताना ती दोन्ही हात छातीशी आणून सतत एकमेकांवर चोळत बसायची. कागदावर ऑटिझम लिहिलेलं होतं. ती भराभर श्वास घ्यायची, मग श्वास एकदम थांबायचा, ओठ निळसर व्हायचे आणि पुन्हा सुरू व्हायचा. पोट ढोलासारखं फुगलेलं असायचं. मी दमा धरला, पंप दिला, पोटासाठी गॅसचं औषध दिलं. खोकला-ताप आला की अँटिबायोटिक दिलं. असं काही वर्षं चाललं.

तिची आजी एकदा म्हणाली, "झोपली की कसं बघा, सुरळीत चालतंय हिचं." दमा साधारण रात्री आणि पहाटे बळावतो. ज्या मुलीचा श्वास जागेपणी अडतो आणि झोपेत सुरळीत होतो तिला दमा आहे का, हा प्रश्न तिथल्या तिथे पडायला हवा होता. मी मान हलवली आणि पंप चालू ठेवायला सांगितलं.

पुढे बंगळुरूच्या एका तज्ज्ञाने तिचे हात पाहिले, चार प्रश्न विचारले आणि रेट सिंड्रोमचा संशय घेतला. जनुकीय तपासणीत तेच निघालं. हा आजार बहुतेक मुलींना होतो. व्हिएन्नातल्या अँड्रियास रेट या बालरोगतज्ज्ञाला 1954 साली स्वतःच्या दवाखान्यात तपासणीसाठी थांबलेल्या दोन मुली सारख्याच पद्धतीने हात चोळताना दिसल्या. त्यांनी अशा मुली शोधल्या आणि 1966 साली त्यांच्यावर लिहिलं. 1983 मध्ये स्वीडनच्या बेंग्ट हागबर्ग यांच्या लेखानंतर जगाचं लक्ष तिकडे गेलं. 1999 मध्ये ह्यूस्टनमध्ये हुडा झोगबी यांच्या गटाने एमईसीपी2 या जनुकातला दोष शोधला. या दोषामुळे मेंदूकडून चालणारी श्वासाची लय बिघडते. जास्तीची हवा गिळली जाते, म्हणून पोट फुगतं. बरीच वर्षं हा आजार ऑटिझमच्या गटात गणला जात होता. मानसिक विकारांच्या 2013 च्या अमेरिकन वर्गीकरणात तो बाजूला काढला गेला. रेट यांना जे बाकावर बसलेल्या मुलींकडे पाहून दिसलं ते माझ्या बाकावर वर्षानुवर्षं बसलेलं होतं.

आधी कळलं असतं तर ती बरी झाली असती, असं नाही. पण या आजारात काही मुलींच्या हृदयाच्या विद्युत आलेखात दोष असतो आणि तो असेल तर ठरावीक औषधं टाळावी लागतात. त्यांतली काही अँटिबायोटिक मी तिला ईसीजी न काढता दिली होती. काही विपरीत घडलं नाही, यात माझी हुशारी शून्य. तिचा कणा वाकू लागला होता, तिकडेही कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. श्वास दम्याच्या खात्यात आणि बाकी सगळं ऑटिझमच्या खात्यात टाकल्यावर पाहायला काही उरलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट 26 जानेवारीची. त्या दिवशी नंदगडात प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी असतेच, शिवाय इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 साली त्याच तारखेला इथे फाशी दिली गेली, म्हणून त्यांच्या समाधीवर लोक येतात. ढोल, ध्वनिवर्धक, गर्दी. तिथून एका विशीतल्या स्वमग्न तरुणाला उचलून दवाखान्यात आणलं. तो भराभर श्वास घेत होता, बोटं आखडली होती, डोळे विस्फारले होते. भीतीने श्वास असा वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, हात वाकडे होतात, आणि ते पाहून भीती आणखी वाढते. मला निदान कळलं होतं. उपाय मात्र चुकले. चौघांना धरायला लावलं, तोंडाला कागदी पिशवी लावली आणि शेवटी झोपेचं इंजेक्शन दिलं. पिशवीत श्वास घ्यायला लावणं धोक्याचं आहे, कारण खरा दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर प्राणवायू आणखी कमी पडतो. झोपेचं औषधही श्वास मंदावू शकतं. त्याला हवी होती ती मागची बंद खोली, कमी उजेड, शेजारी त्याचा भाऊ आणि कोणी न शिवता गेलेली पंधरा-वीस मिनिटं. ते सगळं माझ्याकडे होतं. त्यानंतर दवाखान्याची पाटी दिसली तरी तो रस्त्यात थांबायचा. एकदा दातदुखीने त्याचा गाल सुजला, तेव्हा घरच्यांना त्याला इथे आणताच आलं नाही.

यानंतर मी कामाची पद्धत बदलली. असं मूल आलं की आधी बाकावर बसू द्यायचं आणि लांबून श्वास मोजायचा. मास्क आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरी खेळायला द्यायचं, म्हणजे आजारपणात ते परकं वाटत नाही. झोपेत श्वास कसा चालतो, घोरतो का, मध्येच थांबतो का, हे विचारायचं. एका मुलाच्या रात्रीच्या घोरण्यामागे वाढलेले टॉन्सिल आणि अडिनॉइड निघाले. शस्त्रक्रियेनंतर त्याची झोप सुधारली आणि ज्या दिवसभराच्या चिडचिडीला सगळे ऑटिझम म्हणत होते ती बरीच कमी झाली. श्वास थांबताना नजर स्थिर होते का, अंग ताठतं का, हेही विचारायचं, कारण स्वमग्न मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि काही फिट फक्त श्वास अडल्यासारख्या दिसतात. आता घरोघरी फोन आहेत. आईने काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ मला माझ्या टेबलावरच्या तपासणीपेक्षा जास्त सांगतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझमला स्वतंत्र जागा दिली. त्याआधीच्या 1995 च्या कायद्यातल्या सात प्रकारांत तो नव्हता. प्रमाणपत्र मिळू लागलं हे फार चांगलं झालं. पण ते प्रमाणपत्र पाहून छाती तपासायची थांबवणारे डॉक्टर अजून आहेत, आणि त्यांच्यात मीही होतो.

माझ्या व्यवसायातल्या तरुण मित्रांना एवढंच सांगतो: मूल स्वमग्न आहे म्हणून त्याच्या श्वासाला वेगळा नियम लावू नका. जे इतर मुलाच्या बाबतीत तपासलं असतं ते सगळं याचंही तपासा, त्याला जमेल त्या पद्धतीने. आणि आईबापांनो, हा श्वास नेहमीचा नाही असं तुम्हाला वाटत असेल आणि डॉक्टर ऑटिझमकडे बोट दाखवत असेल, तर खुर्चीवरून उठू नका. त्याला घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायला सांगा.