लोणारचं गुलाबी पाणी आणि तिसरीचा वर्ग

वर्गात फोटो दाखवताना त्याच्याखालची ओळ मी झाकते. इंटरनेटवरच्या फोटोखाली कुणीतरी सगळं सांगून ठेवलेलं असतं, आणि तिसरीतलं मूल ते वाचतं, मान डोलावतं आणि गप्प बसतं. उत्तर आयतं मिळाल्यावर बघायचं कशाला?

फोटो निवडणं हेच खरं काम. शोधायला बसलं की आधी गुळगुळीत फोटोंचा ढीग येतो. कडक इस्त्रीच्या धोतरातला हसरा शेतकरी, अंगावर शेणाचा एक डाग नसलेला बैल. माझ्या वर्गात निम्म्या घरी गुरं आहेत; असा बैल बघून मुलं हसतात, पण चार वाक्यं बोलत नाहीत. बोलायला फोटोत काहीतरी अडायला हवं. म्हणून मी विकिमीडिया कॉमन्सवर जास्त रमते. तिथले फोटो हौशी लोकांनी काढलेले, जरा वेडेवाकडे, आणि वापरायची परवानगी कोणत्या अटींवर आहे तेही लिहिलेलं असतं. फोटो काढणाऱ्याचं नाव मी फळ्यावर लिहिते. कुणीतरी तिथे उभं राहून हे टिपलं, एवढं मुलांना कळलं तरी पुरे.

यंदा सगळ्यात जास्त चाललेली जोडी मात्र नासाची. लँडसॅट ८ या उपग्रहाने ७०५ किलोमीटर उंचीवरून टिपलेलं आपलं लोणार सरोवर, एकदा २५ मे २०२० ला आणि पुन्हा १० जून २०२० ला. पहिल्यात पाणी हिरवट, दुसऱ्यात चक्क गुलाबी. जागेचं नाव न सांगता दोन्ही शेजारी शेजारी लावले.

‘‘काय दिसतंय?’’ एवढंच विचारलं की नामांची यादी मिळते: पाणी, झाडं, गोल. खरी गंमत त्यापुढच्या प्रश्नात असते. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन या दोघांनी चित्रं बघण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात मूल काहीही म्हणालं तरी त्याला विचारतात, असं कशावरून म्हणतोस? या एका प्रश्नाने माझा मराठीचा तास बदलला. फळ्यावर दोन रकाने करते, ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’. ‘‘कुणीतरी रंग ओतला,’’ हे ‘वाटतं’मध्ये. कशावरून? ‘‘कारण आजूबाजूची झाडं तशीच आहेत, फक्त पाणीच बदललंय.’’ कारण, म्हणून, कदाचित, जणू हे शब्द पाठ्यपुस्तकात गाळलेल्या जागा भरायला येतात. इथे मुलांना ते गरजेपोटी लागतात. त्या रंगाला एकही मूल नुसतं गुलाबी म्हणेना. राणी कलर, डाळिंबी, कुल्फीचा, आईच्या जुन्या साडीचा. ‘जुन्या’ हे विशेषण मी शिकवलेलं नाही, हे मुद्दाम सांगते.

चित्रकलेला बसायच्या आधी मी पडदा बंद करते. मुलं कुरकुरतात. पण फोटो समोर राहिला की ती पट्टीने गोल आखायला लागतात आणि निम्मा तास कडा खोडण्यात जातो. आठवणीतून काढताना प्रत्येकाचं सरोवर वेगळं होतं. कुणाचं पान भरून, कुणाचं कोपऱ्यात. मग रंगाची झटापट. तांबड्यात पांढरा मिसळला की बाहुलीच्या फ्रॉकचा गुलाबी येतो, तळ्याचा येत नाही. त्यात हिरव्याचा अगदी थेंबभर रंग घातला की तो मळतो, जड होतो, पाण्यात शोभतो. हे मी सांगत नाही. ब्रश नीट न धुणारं एखादं मूल वर्गात असतंच, त्याच्या ताटलीतून ते सगळ्यांना कळतं.

शास्त्र शेवटी. लोणारचं पाणी खारं आणि क्षारयुक्त. त्या उन्हाळ्यात ते आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले. त्यांच्या अंगचा रंग पाण्याला आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे सांगितलं. हे सरोवर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातलं, म्हटल्यावर वर्गात एकच गलका.

एका मुलाला मात्र ते सूक्ष्मजीव पटले नाहीत. पावसाने डोंगरावरची लाल माती वाहून आणली, असं त्याने वहीत लिहिलं. मी खाली ‘कशावरून?’ लिहून वही परत दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आमच्या नाल्याला पण जूनमध्येच रंग येतो.