चाकापुढचा वाटाड्या

माणसे पैसे खर्चून आपली गाडी मुद्दाम चिखलात घालतात आणि ती बाहेर निघाली की टाळ्या वाजवतात, असे सांगितले तर तुम्हाला हसू येईल. मलाही आले होते. पण नवी मुंबईत खारघरला राहणारा माझा पुतण्या अशाच हौशी मंडळींपैकी आहे. हिवाळ्यात त्यांचा दोन दिवसांचा जीपगाड्यांचा मेळावा ठरला, तेव्हा तो मला म्हणाला, "काका, आम्हाला गाडी कळते, पण जमीन कळत नाही. वाटाड्या म्हणून याल का?" शेतीखात्यात माझा जन्म बांधावरून फिरण्यात गेला. म्हटले, चला, हेही पाहू.

नवी मुंबई म्हणजे नुसत्या उंच इमारती, असे समजू नका. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भाताची खाचरे आणि मिठागरे होती तिथे वसाहती उठल्या. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर भागात आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. एवढे होऊनही शेती संपलेली नाही. खारघरच्या डोंगरावर ठाकरांचे पाडे आहेत. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे; खाऱ्या जमिनीत तग धरणारे 'पनवेल' भाताचे वाण तिथलेच. अशा मुलखात उरलेल्या बांधाची किंमत काय, ते तुम्हाला सांगायला नको.

मेळावा पनवेलच्या पूर्वेस, गाढी नदीच्या खोऱ्यात एका खासगी माळावर होता. मालकाची परवानगी घेतली होती. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे हा गुन्हा आहे, म्हणून ती हद्द आम्ही आधीच टाळली.

वाटाड्याचे काम दिसते सोपे, पण असते जोखमीचे. चालकाला चाकाखालचा दगड दिसत नाही, म्हणून वाटाड्याने पुढे चालून हाताने खूण करायची. खूण एकानेच करायची. चौघे ओरडू लागले की चालक गोंधळतो. ओढ्यात गाडी घालण्याआधी काठीने तळ आणि खोली पाहायची. चढ सरळ चढायचा, उतार सरळ उतरायचा. तिरपे गेले की गाडी कलंडते. चढावर गाडी अडली तर ती वळवायची नाही, मागच्या गिअरमध्ये सावकाश सरळ खाली आणायची. आणि रुतलेली गाडी ओढताना ताणलेल्या दोरापासून सर्वांनी लांब राहायचे. दोर तुटला तर तो आसुडासारखा येतो.

शनिवार उत्तम गेला. लोक मला 'काका, काका' म्हणू लागले आणि मी थोडा फुशारलो. रविवारी नाल्यात मोठे धोंडे लागले. एका तरुणाने विचारले, "काका, शेजारच्या खाचरातून वळसा घालू का?" भात कापलेले, वरची माती भेगाळून वाळलेली. मी लांबूनच पाहिले आणि हात हलवला, "जा!"

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. जीप बांध फोडून आत गेली आणि दहा पावलांत आसापर्यंत रुतली. भाताची चिखलणी वर्षानुवर्षे करून खाली घट्ट थर तयार होतो, त्यावर ओल धरून राहते. वरची चार बोटे माती वाळते, खाली लोणी असते. हे मी शेकडो शिबिरांत सांगितले आहे, आणि त्या दिवशी मीच विसरलो.

तेवढ्यात पलीकडून एक म्हातारी आली. हातात विळा होता. ती रागावली नाही. वाकून धसकटांत हात घातला आणि म्हणाली, "साहेब, ह्यो वाल हाय. गाडीला दिसला नाय, तुमाला पन नाय दिसला?"

त्याच ओलीवर पेरलेला, नुकता दोन-चार पानांवर आलेला वाल होता. माळाच्या मालकाची परवानगी माळापुरती होती. हे खाचर तिचे. मी मान खाली घातली.

पुढचे कार्यक्रम रद्द केले. गाडी काढली, फावडी घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून चाकोऱ्या बुजवल्या, बांध पुन्हा घातला. वालाची भरपाई तिने सांगितली तेवढी दिली. पण चाकाखाली दबलेली माती पैशाने भुसभुशीत होत नाही. तिला पुढची नांगरट यावी लागते. हे त्या मुलांना मी तिथेच, फावडे हातात असताना सांगितले. ती ऐकत होती, हे चांगले झाले.

आता तुमच्या कामाचे. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी जीपवाल्यांचे हे नियम आपलेच समजावेत. उतारावर आडवे जाऊ नका. रुतलेले काही ओढताना दोर नेहमी खालच्या दांड्याला बांधा. आसाच्या वर बांधला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. मुलांना मडगार्डवर बसवू नका.

आणि अशी हौशी मंडळी तुमच्या गावात आली, तर त्यांना नुसते हाकलू नका, नुसती वाटही देऊ नका. आदल्या दिवशी त्यांना पायी शिवार दाखवा. कोणाचे शेत कुठपर्यंत, ओल कुठे, पेर कुठे, गुरांची वाट कोणती, ते सांगा. चाकोरी आखून द्या, आणि नुकसान झाल्यास भरपाई काय, ते आधीच बोलून ठेवा.

पुतण्याने पुढच्या मेळाव्यालाही बोलावले आहे. मी एकच अट घातली आहे : आदल्या दिवशी त्या आजींना घेऊन सगळी वाट पायी फिरायची. वाटाड्या त्या, मी त्यांच्या मागे.