एकाचे अनेक होताना

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात अनेकवचनाचा धडा जेमतेम दीड पानाचा असतो. वर नियम, खाली अपवाद. नामाला एस लावा. शेवटी एस, एक्स, सीएच किंवा एसएच असेल तर ईएस लावा. व्यंजनानंतर वाय आला तर तो काढून आयईएस. एफ असेल तर बहुतेकदा व्हीईएस. आणि मग पानाच्या तळाशी एक चौकट. तिच्यात कुठल्याही नियमाला न जुमानणारी मंडळी: मॅन, वुमन, चाइल्ड, फूट, टूथ, गूस, माउस, ऑक्स, शीप. ही चौकट मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. 'पाठ करा' एवढं सांगून ती पुसून टाकणं मला जमत नाही.

कारण या चौकटीत कोण कोण आहे ते पाहावं. पुरुष, बाई, मूल. पाय आणि दात. मेंढी, बैल, अंगणातला हंस, कणगीतला उंदीर. एफचा व्ही करणाऱ्या शब्दांत लांडगा, वासरू, सुरी, पाव आणि झाडाचं पान. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधलं एक शेतकऱ्याचं घरच इथे राहतं आहे. जज, कोर्ट, पॅलेस हे शब्द 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून आले आणि मुकाट्याने एस लावून रांगेत उभे राहिले. जुन्या इंग्रजीत अनेकवचन करण्याच्या कितीतरी रीती होत्या आणि एस ही त्यांतली फक्त एक. पुढे तिने बाकीच्यांना गिळलं. जे शब्द क्वचित तोंडी येत, त्यांची जुनी रूपं लोक विसरले आणि त्यांना एस चिकटला. रोज चुलीपाशी, गोठ्यात, शेतात उच्चारले जाणारे शब्द तेवढे आपल्या जुन्या रूपानिशी टिकले. अपवाद टिकतो तो वापराने, लाडाने. म्हणून मला तो नियमाहून जवळचा वाटतो.

फूटचं फीट कसं झालं, याची गोष्ट तर फारच जुनी आहे. इंग्रजी लिहिली जाण्याच्याही आधीची. तेव्हा 'फोत' म्हणजे पाय, आणि अनेकवचनात त्याच्या शेवटी 'इ'चा प्रत्यय असे. तो इ उच्चारायचा आहे याची चाहूल जिभेला आधीच लागे आणि ती अलीकडच्या स्वरापाशीच पुढे सरके. ओचा हळूहळू ए झाला. मग तो शेवटचा इ झिजला आणि गळून पडला. त्याच्या तयारीसाठी बदललेला स्वर मात्र तसाच राहिला. टीथ, गीज, माइस, मेन या सगळ्यांत त्या नाहीशा झालेल्या इची खूण आहे. बुकचं अनेकवचनही याच चालीचं होतं. ते टिकलं असतं तर आज एक बुक आणि दोन 'बीच' म्हणावं लागलं असतं.

आणि आपल्याकडे? पाय, दात, उंदीर, बैल. चौघेही अकारान्त पुल्लिंगी, चौघांचंही अनेकवचन जसंच्या तसं. एक पाय, दोन पाय. एक उंदीर, दहा उंदीर. ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत अशा नामांच्या एकवचनाच्या शेवटी 'उ' येई: देवु, हातु. अनेकवचनात तो नसे. पुढे तो उ झिजला आणि दोन्ही वचनं सारखीच झाली. शेवटचा स्वर दोन्ही भाषांनी गमावला. इंग्रजीत जाता जाता तो खूण ठेवून गेला, आपल्याकडे काही न ठेवता. उलट शीप आणि फिश हे इंग्रजीत न बदलणारे, तर मराठीत मेंढीच्या मेंढ्या होतात आणि माशाचे मासे. हे दोन रकाने मी शेजारी शेजारी मांडते तेव्हा मुलं पुढे सरकून बसतात. एकवचनातच राहणारं अनेकवचन त्यांना परकं नसतं. ती ते जन्मापासून बोलत असतात, फक्त कोणी दाखवलेलं नसतं.

चिल्ड्रन या शब्दाबद्दल मला विशेष माया आहे. जुन्या इंग्रजीत 'चिल्द्रु' हे अनेकवचनच होतं. मधला र हीच त्याची खूण. काळाच्या ओघात लोकांना तो र अनेकवचनाचा वाटेनासा झाला, आणि ऑक्सनमध्ये दिसतो तो एन त्यांनी वरून लावला. म्हणजे एकाच शब्दावर दोन अनेकवचनं. वर्गात एखादं मूल 'चिल्ड्रन्स' म्हणतं तेव्हा ते तिसरं चढवत असतं. मी ते दुरुस्त करते, पण मुलाला हेही सांगते की तू जे केलंस तेच त्या लोकांनी केलं होतं आणि त्यांचं चाललं.

याच घडणीचा आणखी एक शब्द होता: आयरन, म्हणजे अंडी. त्यातही आधी र, मग एन. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, आणि 1490 मध्ये छापलेल्या 'एनेडॉस'च्या प्रस्तावनेत त्याने या शब्दाची हकीकत सांगितली आहे. टेम्स नदीतून झीलंडला निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे वाटेत किनाऱ्यावर उतरले. त्यांतल्या शेफिल्ड नावाच्या एकाने एका घरी 'एग्ज' मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्या कोणीतरी 'आयरन' मागितलं, तेव्हा तिला कळलं. उत्तरेकडून, नॉर्स लोकांच्या बोलीतून आलेला शब्द एकाच्या तोंडी, दक्षिणेतला जुना दुसऱ्याच्या, आणि मध्ये उपाशी माणसं. अशा वेळी लिहिणाऱ्याने लिहायचं तरी कोणतं, असा प्रश्न कॅक्स्टनला पडला. तो आपल्या कामाबद्दल किती कळकळीने विचार करत होता, हे त्या चार ओळींत दिसतं.

एफचा व्ही होणं त्यामानाने सरळ आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या एफचा उच्चार जुन्या इंग्रजीत व्ह असा होई, म्हणून 'वुल्फ'चे 'वुल्व्हास'. मधला स्वर दुबळा झाला तरी व्ह राहिला. चीफ, गल्फ हे फ्रेंचमधून उशिरा आले, त्यांना ही सवय लागली नाही. रूफ मात्र जुना, घरचाच, तरी प्रमाण लिखाणात त्याने एफ सोडला नाही. भाषेत असं एखादं निघतंच. वायचं आणखी वेगळं: पूर्वी एकवचनही शेवटी आयई लावून लिहीत. पुढे एकवचनाने वाय घेतला, अनेकवचनात जुनं लेखन राहिलं. म्हणजे वाय 'काढून' आयईएस लावायला आपण शिकवतो, ते खरं तर उलटं आहे.

ओने संपणाऱ्या शब्दांपाशी नियमही थबकतो. पोटॅटो, टोमॅटो, हीरो यांना ईएस. पियानो, फोटो, रेडिओ यांना नुसता एस. 1992 मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी न्यू जर्सीतल्या एका शाळेत मुलाने फळ्यावर बरोबर लिहिलेल्या एकवचनी पोटॅटोला ई जोडायला लावला होता. कॅरिबियन बेटांवरच्या 'बटाटा'तून स्पॅनिशमार्गे हा शब्द इंग्रजीत गेला, आणि पोर्तुगिजांबरोबर बटाटा आपल्याकडे आला. इंग्रजीतला मँगोही पोर्तुगीजच घेऊन गेले, मल्याळममधून. त्याला ईएस लावायचा की नुसता एस, हे अजून ठरलेलं नाही. शब्दकोश दोन्ही देतात. मे महिना जवळ आला की निबंधात हा शब्द हमखास येतो आणि मुलं विचारतात, बाई, कोणतं लिहू? मी दोन्ही फळ्यावर लिहिते आणि तपासताना दोन्हींना पूर्ण गुण देते.