दोन मोटारी, सहा सोबती

साहसकथेत धाडसापेक्षा कामांची वाटणी पाहावी, ही मला शाळेत लागलेली खोड. १९५५ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील सहा तरुण दोन लँड रोव्हर मोटारींतून लंडनहून सिंगापूरला निघाले. एकाने यंत्रे सांभाळावी, दुसऱ्याने नकाशे, तिसऱ्याने शिधा. शिधा सांभाळणाऱ्याला कोण वाखाणतो! परंतु दिवसभर आदळत आलेल्यांना तंबूपाशी दोन घास मिळत, ते त्याच्यामुळेच. आसामातून ब्रह्मदेशात जाणारा युद्धकालीन लेडो मार्ग तर रानाने गिळला होता. कित्येक पूल वाहून गेले होते. अशा वाटेवर एक मोटार रुतली, की दुसरीने दोर लावून ओढावे आणि साऱ्यांनी चिखलात उतरून मागून रेटावे. तेथे नकाशेवाला नुसता नकाशेवाला राहत नाही. १९५६ च्या मार्चमध्ये सिंगापूर आले, तेव्हा दोन्ही मोटारी बरोबर होत्या.