पांथरी काढण्याआधीचे चौदा दिवस

अक्कलकुवा
पोळ्याच्या आदल्या दिवशी

चि. धाकटीस,


परवा तुझा फोन मध्येच तुटला. देवगोईच्या घाटापलीकडे रेंजचं हे नेहमीचंच. तू विचारलंस, ऊसतोडीची टोळी निघायच्या आत पोराची पांथरी काढून घेतली तर चालेल का. याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून बसून लिहिते आहे. रात्री दिव्याशी बसून पाव्हण्यांनाही वाचून दाखव. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे, ती काही चैनीसाठी घेतलेली नाही, हे मला कळतं. तरीही सांगते, या वर्षी निघायचा दिवस मुकादमाने ठरवू नये. तो लसीच्या तारखेवरून ठरू दे.

माझ्या मोठीच्या वेळी काय झालं ते तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. तेव्हा तू बाळंतीण होतीस, म्हणून सगळं सांगितलं नव्हतं. पोर अकरा वर्षांची. दुपारी शाळेतून आली, पाणी मागितलं आणि ओट्यावर आडवी झाली. ओठ पांढरे. पोटाला हात लावला तर डाव्या बरगडीखाली दगडासारखं लागलं. दवाखान्यात हिमोग्लोबिन चार भरलं. अंगातलं रक्त पांथरीत जाऊन अडकलं होतं. तुझ्या पोरासारखाच तिलाही सिकलसेल; त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, कडक होतात, पांथरीच्या बारीक वाटांत फसतात. एकदा फसायला लागल्या की पांथरी तासातासाने फुगते आणि बाकीचं अंग कोरडं पडतं. वर्षात दुसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल.

आम्ही तारीख घेतली. मी शाळेत रजा टाकली, ह्यांनी उसने पैसे आणले, पहाटेच्या गाडीने निघालो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. भरती करून घेतलं, कागद लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "लसी झाल्या का?" कुठल्या लसी? आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी परत निघालो. गाडीत पोर माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी रागाने रडत होते. आज तो राग नाही. ते विचारलं नसतं तर काय झालं असतं, हे आता ठाऊक आहे.

त्या डॉक्टरांनी मला समजावलं तसंच तुला सांगते. पांथरी रक्ताची चाळण आहे. काही जंतूंना, विशेषतः न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तिघांना, ती रक्तातच अडवते. ती गेली की हे जंतू मोकळे सुटतात. सकाळी आलेला साधा ताप संध्याकाळपर्यंत जिवावर बेततो. म्हणून पांथरी अंगात असतानाच या तिघांच्या लसी द्यायच्या आणि ऑपरेशनपूर्वी निदान चौदा दिवस जाऊ द्यायचे. अंगाला त्या जंतूची ओळख करून घ्यायला तेवढा वेळ लागतो. हे दिवस पैसे देऊन कमी होत नाहीत, ओळखीने कमी होत नाहीत.

तुझ्या पोराचं लसीकरणाचं कार्ड घेऊन ये. पेंटाव्हॅलंटमध्ये हिब असते, ती झाली असेल तर कार्डावर दिसेल. न्यूमोकोकसची लस सरकारने देशभर २०२१ मध्ये सुरू केली. तुझा लेक त्याआधीचा, त्याला ती मिळालेली नसणार. मेनिंगोकोकसची नेहमीच्या लसीकरणात नाहीच. ती मला शोधावी लागली, आणि कुठे सापडली सांगू? मक्राणी फळीतल्या चाचींकडे.

चाची त्या वर्षी हजला निघाल्या होत्या. मी भेटायला गेले तर त्या कागदांची पिशवी उघडून बसलेल्या. पासपोर्ट, फोटो आणि लसीचा दाखला. म्हणाल्या, "बेटा, मेंदूच्या तापाची सुई घेतल्याशिवाय मक्केला घेत नाहीत. पोलिओचे थेंबसुद्धा घ्यावे लागतात, या वयात!" मी दाखला हातात घेतला. माझ्या पोरीच्या कागदावर डॉक्टरांनी जे नाव लिहिलं होतं, तेच नाव. मी तिथेच खाली बसले. मग वाचून काढलं. १९८७ साली हजच्या गर्दीत मेंदूज्वराची साथ आली. २००० आणि २००१ साली पुन्हा आली, या खेपेला डब्ल्यू-१३५ या वेगळ्या प्रकाराची. हाजी आपापल्या देशी परतले आणि साथ त्यांच्याबरोबर घरोघर गेली. तेव्हापासून चार प्रकारांवर चालणारी लस सक्तीची झाली, तीही तिथे पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी. चाचींना दहा दिवस, माझ्या पोरीला चौदा. एक मक्केला निघालेली, एक ऑपरेशनच्या टेबलावर निघालेली. चाचींनी मला लस कुठे मिळते ते विचारून दिलं, आणि मक्केत पोरीसाठी दुआ मागितली. ते मी विसरणार नाही.

लस मी नंदुरबारहून आणली. ती खरं तर तिथेच टोचून घ्यायला हवी होती, पण पोरीला त्या दिवशी ताप होता. दुकानदाराने थर्मासात बर्फाची पिशवी घातली, वर कापड आणि मग लस. "बर्फाला चिकटू देऊ नका, गोठली तरी वाया जाते. दोन ते आठ डिग्री." तळोद्यामार्गे घरी येईपर्यंत मी तो थर्मास तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरला होता. तापीच्या पुलावर गाडी हबकली तेव्हा झाकण दोन्ही हातांनी दाबलं. मुलांना इतिहासात शिकवते, १८०२ साली मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला देवीची लस टोचली, ती या देशातली पहिली. तेव्हा बर्फ नव्हता. बगदाद, बसरा असा तो जंतू एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जिवंत ठेवत आणला होता. त्या दिवशी गाडीत मला ती सगळी अनोळखी माणसं आठवत होती. आपल्याकडेही नर्मदाकाठच्या पाड्यांवर सिस्टर लसीचा डबा घेऊन बोटीने जातातच की. तू मात्र डब्याच्या भानगडीत पडू नकोस. पोरालाच घेऊन ये, नंदुरबारला जाऊन तिथेच टोचून घेऊ.

आता रक्ताचं. यासाठी मन घट्ट कर. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणतात, त्यासाठी रक्त चढवावं लागतं. मी बाही वर करून उभी राहिले. ब्लड बँकेतल्या मुलीने हळूच सांगितलं, "ताई, तुमचं चालणार नाही. तुम्ही एएस आहात, म्हणजे वाहक." एसएस, म्हणजे आजार असलेल्या लेकराचे आईबाप दोघेही निदान वाहक असतातच, म्हणजे ह्यांचंही नाही. जिच्या रक्ताची पोर, तिचंच रक्त नको. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. पोरीच्या काकाचं चाललं, त्याची तपासणी एए आली होती. तेव्हा पाव्हण्यांनी आणि तू रांगेत उभं राहण्याआधीच, दिरांची आणि मामांची तपासणी करून ठेव. २०२३ च्या १ जुलैला सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडे पाड्यापाड्यांत तपासणी होते आहे. ज्यांनी टाळली त्यांना आता घेऊन जा.

दुसऱ्या खेपेला आम्ही सगळं घेऊन गेलो, तरी एक चूक झालीच. रात्री बारापासून उपाशी ठेवायला सांगितलं, आम्ही पाणीही बंद केलं. नंबर सकाळचा होता, तो दुपारवर गेला. पोर पाण्यासाठी तळमळली आणि दहा वाजता तिचे गुडघे धरले. सिकलच्या पेशंटला कोरडं ठेवायचं नसतं गं! पाणी कमी झालं, थंडी लागली, प्राणवायू कमी पडला की पेशी वाकतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मग सांगितलं, जेवण आणि दूध आधी बंद, पण साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि रात्रीच सलाईन लावता येतं. तू भरती होतानाच त्यांना भेट आणि स्पष्ट विचार. पहिला नंबर माग. मागायला लाजू नकोस. शाल, पायमोजे, कानटोपी घे. थिएटरबाहेरचा बोळ थंड असतो. तीन गोळ्यांचं ते फुंकायचं, म्हणजे खरं तर श्वास आत ओढायचं यंत्र देतात, त्याचा सराव घरूनच करून घे, म्हणजे ऑपरेशननंतर छाती भरणार नाही. माझ्याकडे मोठीचं आहे, सरावाला ते घेऊन जा.

बडव्याकडे नारळ ठेवायचा असेल तर ठेव. सासूबाईंच्या मनाला बरं वाटेल. फक्त पोराला धूर आणि उपवास नको.

आणि टोळीचं. पांथरी काढलेलं लेकरू उसाच्या पडावावर नेऊ नकोस. पहाटेची थंडी, पाटाचं पाणी, उघड्यावरचे डास. पांथरी नसलेल्याला मलेरिया फार जोरात होतो. रोजची पेनिसिलीनची गोळी तिथे कोण लक्षात ठेवील? ताप आला तर दोन तासांत दवाखाना गाठायचा असतो, तिथे मुकादमाला विचारत बसायचं का? पाव्हणे जाऊ देत. तू आणि पोर होळीपर्यंत माझ्याकडे राहा. काठीच्या होळीला टोळ्या परत येतात, तेव्हा त्यालाही तिथे नेऊ, शालीत गुंडाळून. उचलीतला जो भाग तुझ्या कोयत्याचा असेल, तो आम्ही फेडू. ह्यांच्याशी बोलणं झालं आहे.

मोठी आता दहावीला आहे. तिच्या दप्तरात गोळ्या आणि एक चिठ्ठी असते: पांथरी काढलेली आहे, ताप आल्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. चिठ्ठी तिनेच लिहिली आहे. भाच्यासाठीही एक लिहून ठेवली आहे, लाल शाईने.

पोळा झाला की बुधवारच्या पहिल्या गाडीने निघ. कार्ड, सिकलसेलचे रिपोर्ट आणि आधार प्लास्टिकच्या पिशवीत बांध, घाटात पाऊस आहे. बस येईल तेव्हा मी स्टँडवर असेन.

तुझी,
ताई