महाडची वाट आणि जीपचा ठोका

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या दिनी अभिवादनासाठी आम्ही भोरहून जुन्या फोर-व्हील जीपने निघालो. वरंध घाटात क्लच सोडताच खालून 'ठक्' व्हायचे. आई म्हणाली, "आधी थांबवा रे!" दादाने चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक सोडला आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळला. थोडी फिरकी डिफरन्शियलचीही असते. पण इथे क्रॉसच खुळखुळत होता. कपांभोवती तांबूस भुकटी. ग्रीस भरायचे राहिले, चूक आमचीच. शाफ्ट उतरवून फोर-व्हीलचा दांडा टाकला, आणि पुढच्या चाकांनी जीप ओढली. ठोका थांबला. तळ्यावर पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई आधी पाण्याशी गेली.